संगणकीय माहितीचे विलोपन व पुनर्प्राप्ती

संगणकाच्या साठवण-माध्यमावरील फाइल वापरातून काढून टाकणे यास विलोपन आणि काढून टाकलेली फाइल पुन्हा वाचण्याजोगी करणे यास पुनर्प्राप्ती म्हणतात. फाइल म्हणजे एका नावाखाली एकत्र ठेवलेली माहिती; ती पत्र, हिशेब, छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा संच यांपैकी कोणतीही असू शकते. विलोपनासाठी व्यवहारात ‘पुसणे’ हा शब्द सर्रास वापरतात. तथापि संगणकाच्या बाबतीत त्या शब्दात तीन निरनिराळ्या क्रियांची गल्लत होते. फाइलीचे नाव सूचीतून कमी करणे ही पहिली क्रिया. मजकूर ज्या जागी साठवलेला आहे तेथे दुसरे काही लिहून किंवा अन्य उपायाने तो नष्ट करणे ही दुसरी. आणि त्या मजकुराच्या जेथे जेथे प्रती असतील तेथे तेथे त्या नष्ट करणे ही तिसरी. विलोपनाच्या नेहमीच्या आज्ञेने सामान्यतः यांपैकी फक्त पहिली क्रिया घडते. वापरणाऱ्याची समजूत मात्र तिन्ही घडल्याची असते. ही समजूत आणि यंत्राचा प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय. चुकून पुसलेले लेखन परत मिळणे, दडवू पाहिलेला शासकीय पत्रव्यवहार उघड होणे आणि विकून टाकलेल्या यंत्रातून खाजगी माहिती परक्याच्या हाती पडणे, या तिन्ही गोष्टी त्या एकाच अंतरातून उद्भवल्या आहेत.

पूर्वपीठिका : लेखन पुसण्याचा प्रश्न लेखनाइतकाच जुना आहे व त्याचे उत्तर माध्यमागणिक बदलत आले आहे. पूर्वी मुले ज्या धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, तीवरील अक्षर हात फिरवताच नाहीसे होई व त्याचा मागमूस राहत नसे. याउलट हस्तलिखित पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. त्यामुळे अक्षर झाकले जाई, पण लेपाखाली ते बहुधा शिल्लकच असे. मराठीतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या प्रथेवरून आला आहे. संगणकातील विलोपन धूळपाटीसारखे असते अशी सर्वसाधारण कल्पना असली, तरी वस्तुतः ते हरताळाच्या जातीचे आहे. फरक इतकाच, की येथे हरताळ मजकुरावर न फासता ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतील नोंदीवर फासलेला असतो.

संगणकाच्या आरंभीच्या काळात माहिती पुठ्ठ्याच्या पत्रांवर किंवा कागदी फितीवर छिद्रे पाडून नोंदवीत असत. पाडलेले छिद्र बुजवता येत नसल्याने अशा माध्यमावरील खूण पुसणे शक्य नव्हते. म्हणून कागदी फितीवर चुकलेल्या अक्षराच्या जागी सर्वच्या सर्व छिद्रे पाडण्याची युक्ती रूढ झाली. अशी पूर्ण छिद्रित ओळ आली की ती वगळून यंत्र पुढे जाई. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्की’ या अक्षरचिन्हांच्या प्रमाण संकेतात विलोपनाच्या चिन्हाला १२७ हा क्रमांक मिळाला, त्याचे मूळ येथे आहे. द्विमान पद्धतीत ही संख्या लागोपाठ सात एकांनी लिहिली जाते व हे सात एक म्हणजेच सात छिद्रे होत. या पद्धतीत विलोपन म्हणजे मूळ खूण नाहीशी करणे नसून तीत आणखी खुणांची भर घालणे होते. मात्र त्यामुळे मूळ अक्षर कोणते होते हे सांगता येत नसे. या अर्थाने ते नंतरच्या काळातील विलोपनापेक्षा अधिक पक्के होते.

चुंबकीय माध्यमे व सूची : १९५१ साली वापरात आलेल्या युनिव्हॅक संगणकाबरोबर चुंबकीय फितीचा उपयोग व्यापारी व शासकीय कामांत होऊ लागला. फितीवरील चुंबकीय खुणा बदलता येत असल्याने तेच माध्यम पुनःपुन्हा वापरता येऊ लागले आणि त्याबरोबर चांगली माहिती चुकून पुसली जाण्याचा धोकाही निर्माण झाला. यावर संगणक-केंद्रांनी एक साधा उपाय योजला. दररोजच्या फितीबरोबर आदल्या दिवसाची व त्याच्याही आदल्या दिवसाची फीत जपून ठेवावयाची, म्हणजे नवी फीत बिघडल्यास जुनीवरून ती पुन्हा तयार करता येते. फितींच्या या तीन पिढ्यांना आजोबा, वडील व मुलगा अशी नावे पडली. राखीव प्रतीच्या पुढील सर्व पद्धती या कल्पनेचाच विस्तार आहेत.

१९५६ मध्ये आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने रॅमॅक हे यंत्र बाजारात आणले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या असून त्यांवर ५० लाख अक्षरचिन्हे साठवता येत. फितीवर हवी ती नोंद येईपर्यंत फीत पुढे सरकवावी लागे; तबकडीवर मात्र कोणत्याही जागी थेट पोहोचता येते. त्यासाठी कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी सूची तबकडीवरच ठेवणे सोयीचे ठरले. पुढे फाइलींची ठेवरेव करणाऱ्या प्रणालींनी तबकडीचे लहान लहान भाग पाडून मजकूर जागा मिळेल तसा त्या भागांत ठेवण्याची पद्धत स्वीकारली. नाव एका जागी, कोणते भाग कोणत्या क्रमाने वाचावयाचे ही माहिती दुसऱ्या जागी व प्रत्यक्ष मजकूर तिसऱ्या जागी, असे तिचे स्वरूप झाले.

या रचनेत मजकूर खरोखर नष्ट करावयाचा तर त्याच्या प्रत्येक भागावर नवे लेखन करावे लागेल. म्हणजे फाइल पुसण्यास ती लिहिण्याइतकाच वेळ लागेल. त्याऐवजी सूचीतील नोंदीवर ‘रिकामी’ अशी खूण केली आणि त्या फाइलीकडील भाग पुन्हा वापरण्यास मोकळे केले, तर तेच काम क्षणात होते. यंत्रे मंद व महाग असताना हा मार्ग स्वाभाविक होता. गोपनीयतेचा विचार त्यामागे नव्हता व माहिती परत मिळावी हाही हेतू नव्हता. वेळेच्या काटकसरीसाठी घेतलेल्या या निर्णयाचे परिणाम पुढे फार दूरवर गेले.

व्यक्तिगत संगणक : १९७० नंतरच्या दशकात व्यक्तिगत संगणक अस्तित्वात आले व ही रचना सामान्य माणसापर्यंत पोहोचली. १९८१ साली आय. बी. एम.च्या व्यक्तिगत संगणकाबरोबर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रचालन प्रणालीत प्रत्येक फाइलीची नोंद ३२ बाइटांची असे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली की नोंदीतील नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी षोडशमान पद्धतीतील ‘ई५’ (दशमान २२९) ही खूण पडे व वाटपाच्या तक्त्यात त्या फाइलीचे भाग मोकळे दाखवले जात. नावाची उरलेली अक्षरे, फाइलीचा आकार, दिनांक व पहिल्या भागाचा क्रमांक ही सर्व माहिती जशीच्या तशी राही. मजकुरालाही धक्का लागत नसे. तो नव्या लेखनाची वाट पाहत पडून राही. एखाद्या फार न वापरलेल्या तबकडीवर तो महिनोन्‌महिने टिकू शके, तर भरत आलेल्या तबकडीवर काही क्षणांत नाहीसा होई.

अमेरिकन आज्ञावलीकार पीटर नॉर्टन यांनी या वस्तुस्थितीचा उपयोग करून १९८२ मध्ये आपल्या नावाचा उपयुक्त आज्ञावलींचा संच विक्रीस आणला. त्यातील पुसलेली फाइल परत आणणारी आज्ञावली विशेष गाजली. अशा आज्ञावलीचे काम तत्त्वतः सोपे होते. ती सूचीतील ‘ई५’ खुणेच्या नोंदी शोधी, वापरणाऱ्याला नावाचे हरवलेले पहिले अक्षर विचारी आणि पहिल्या भागाच्या क्रमांकावरून पुढील भाग जुळवी. मजकूर सलग भागांत असल्यास तो बिनचूक मिळे. तो विखुरलेला असल्यास भागांचा क्रम दाखवणारी साखळी तक्त्यातून गेलेली असल्यामुळे जुळणी कठीण होई. नॉर्टन यांची कंपनी १९९० मध्ये सिमँटेक या कंपनीत विलीन झाली. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉसच्या पाचव्या आवृत्तीतच पुनर्प्राप्तीची आज्ञा अंतर्भूत केली. ती सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीकडून घेतलेली होती.

याच सुमारास चूक होण्याआधीच ती निस्तरण्याची सोय झाली. अ‍ॅपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिन्टॉश (१९८४) या संगणकांच्या पडद्यावर कचरापेटीचे चित्र असे. टाकलेली फाइल या पेटीत जाई व पेटी रिकामी करीपर्यंत ती परत काढता येई. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ या प्रणालीत (१९९५) हीच सोय आली. कचरापेटीच्या चित्राने लाखो लोकांचे काम वाचवले; तथापि पेटी रिकामी केली म्हणजे कागद जळून गेला, असा नवा गैरसमजही त्याने रूढ केला. वास्तविक पेटी रिकामी झाल्यावरही घडत असे ते एवढेच, की सूचीतील नोंद मोकळी केली जाई.

व्हाइट हाउसमधील संदेशांचे प्रकरण : विलोपनाविषयीच्या गैरसमजाचे राजकीय परिणाम सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले ते अमेरिकेतील इराण-काँट्रा प्रकरणात. अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या अधिकाऱ्यांनी इराणला गुप्तपणे शस्त्रे विकली आणि त्या व्यवहारातील पैशाचा काही भाग निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांकडे वळवला. या बंडखोरांना लष्करी साहाय्य देण्यास अमेरिकन काँग्रेसने मनाई केली होती. नोव्हेंबर १९८६ च्या प्रारंभी लेबाननमधील एका नियतकालिकाने शस्त्रविक्रीची बातमी छापली व प्रकरण उघडकीस येऊ लागले.

परिषदेचे कर्मचारी आपापसांतील पत्रव्यवहारासाठी आय. बी. एम.ची ‘प्रॉफ्स’ नावाची संदेशप्रणाली वापरीत. नोव्हेंबर १९८६ च्या अखेरच्या दिवसांत सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी तीवरील आपले पाच हजारांहून अधिक आणि त्यांचे साहाय्यक ऑलिव्हर नॉर्थ यांनी सातशेहून अधिक संदेश काढून टाकले. याच काळात नॉर्थ यांच्या कार्यालयात कागदपत्रेही यंत्रात घालून फाडण्यात आली होती. कागद फाडल्यावर उरतात त्या चिंध्या. कळ दाबल्यावर संदेशाचेही तसेच झाले असणार, अशी संबंधितांची समजूत होती. आपण सर्वांनीच तसे मानले व ते सपशेल चुकीचे ठरले, अशी कबुली नॉर्थ यांनी पुढे दिली.

प्रत्यक्षात व्हाइट हाउसची दळणवळण यंत्रणा या प्रणालीच्या राखीव प्रती चुंबकीय फितींवर नियमाने घेत असे. ठरावीक मुदतीनंतर त्याच फितींवर पुन्हा लेखन होई. चौकशीची चिन्हे दिसताच नोव्हेंबरमधील फिती बाजूला काढून ठेवण्यात आल्या. येथे पुसलेल्या तबकडीतून मजकूर उकरून काढावा लागला नाही. ज्यांनी संदेश पुसले त्यांना फितींची आठवण राहिली नाही, इतकेच पुरेसे झाले. वर सांगितलेल्या तीन क्रियांपैकी तिसरी, म्हणजे सर्व प्रती नष्ट करण्याची, घडलीच नव्हती. अध्यक्षांनी नेमलेल्या टॉवर आयोगाने फेब्रुवारी १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालात या संदेशांचा मोठा आधार घेतला. कोणी कोणाला काय कळवले हे त्या क्षणी लिहिलेल्या शब्दांत उपलब्ध झाल्याने नंतरच्या साक्षी पडताळून पाहता आल्या. नॉर्थ यांना १९८९ मध्ये व पॉइंडेक्स्टर यांना १९९० मध्ये दोषी ठरवण्यात आले; नॉर्थ यांच्यावरील सिद्ध झालेल्या आरोपांत कागदपत्रे नष्ट करण्याचा आरोप होता. काँग्रेससमोर अभय घेऊन दिलेल्या साक्षीचा परिणाम खटल्यांवर झाल्याच्या कारणावरून या दोषसिद्धी पुढे अपिलात टिकल्या नाहीत. संदेश मात्र इतिहासाच्या दप्तरी कायम राहिले.

या प्रकरणाचा दुसरा भाग अधिक दूरगामी ठरला. रेगन यांची कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी १९८९ रोजी, व्हाइट हाउसमधील राखीव फिती पुसल्या जाणार असल्याचे कळल्यावरून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग, नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संशोधनसंस्था आणि इतरांनी वॉशिंग्टन येथील न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी त्याच संध्याकाळी फिती नष्ट करण्यास तात्पुरती मनाई केली. महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले की पुरे, संगणकातील प्रत हा शासकीय अभिलेख नव्हे, अशी सरकारची भूमिका होती. ६ जानेवारी १९९३ रोजी न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी ती अमान्य केली व त्याच वर्षी १३ ऑगस्टला अपील न्यायालयाने हा निर्णय मुख्यतः उचलून धरला. संदेश कोणी पाठवला, कोणाकोणाला मिळाला व केव्हा मिळाला ही माहिती संगणकीय प्रतीत असते, छापील कागदावर ती येतेच असे नाही. म्हणून कागद हा तिचा पुरेसा पर्याय नव्हे, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे रेगन व त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कारकीर्दींतील हजारो फिती बचावल्या आणि संगणकीय संदेश हा स्वतंत्र अभिलेख आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

राखीव प्रत असणे व ती उपयोगी पडणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतांश फाइली एका चुकीच्या आज्ञेने काढल्या गेल्या. तेव्हा राखीव फितींची यंत्रणा नीट चालत नसल्याचे आढळून आले. तंत्रविभागातील गॅलिन सुस्मन या घरून काम करीत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यावरून काम पुन्हा उभे राहिले.

कायमचे पुसणे : पुनर्प्राप्तीचे तंत्र जसजसे प्रगत झाले, तसतशी माहिती खात्रीने नष्ट करण्याची गरजही वाढली. संरक्षण खात्यांना ती आधीपासूनच जाणवत होती. चुंबकीय माध्यमावर नवे लेखन केल्यावरही आधीच्या चुंबकनाचा अल्प अंश मागे राहू शकतो. यास अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. अमेरिकन संरक्षण खात्याने १९८५ व १९९१ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढल्या. त्यांत पुनर्लेखन, प्रबल चुंबकीय क्षेत्राने करावयाचे विचुंबकन आणि माध्यमाचा प्रत्यक्ष नाश हे प्रमुख उपाय होते.

जुलै १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे भरलेल्या संगणक-सुरक्षाविषयक परिषदेत न्यूझीलंडच्या ऑक्‌लंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांनी या प्रश्नावर एक निबंध सादर केला. एकदा पुनर्लेखन केलेल्या तबकडीवरील जुन्या खुणा विशेष सूक्ष्मदर्शकाने ओळखता येणे शक्य आहे, असे दाखवून त्यांनी ३५ वेळा पुनर्लेखन करण्याचा क्रम सुचवला. त्या काळी प्रचलित असलेल्या निरनिराळ्या प्रकारच्या तबकड्यांचा एकत्रित विचार करून हा क्रम बनवला होता. एकाच तबकडीवर तो संपूर्ण वापरण्याची गरज नाही, असे स्वतः गुटमन यांनी पुढे स्पष्ट केले. तरीही ३५ हा आकडा अनेक आज्ञावलींत जवळजवळ मंत्रासारखा रूढ झाला. तबकड्यांवरील खुणा अधिकाधिक दाट व सूक्ष्म होत गेल्याने जुन्या खुणा वाचण्याची शक्यता मावळत गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार २००१ नंतर बनलेल्या बहुतेक हार्ड डिस्कसाठी एकच पुनर्लेखन पुरेसे मानले गेले.

त्याच परिषदेत डॅन बोने व रिचर्ड लिप्टन यांनी मांडलेली कल्पना तेव्हा कमी गाजली. पण व्हाइट हाउसच्या प्रकरणाने पुढे आणलेल्या राखीव फितींच्या प्रश्नाला ती नेमके उत्तर देणारी होती. राखीव प्रतीवर मजकूर कूटलेखन करूनच ठेवावा व पुसावयाच्या वेळी फक्त कूटलेखनाची किल्ली नष्ट करावी, म्हणजे प्रती कोठेही व कितीही असल्या तरी त्या एकाच वेळी निरर्थक होतात, असे त्यांनी दाखवले. पुढील काळात भ्रमणध्वनी आणि अनेक साठवण-साधने यांतील सर्व माहिती पुसण्यासाठी हेच तत्त्व वापरात आले.

सामान्य व्यवहारात मात्र अडचण सूक्ष्मदर्शकाची नव्हती. मॅसॅचूसेट्‌स तंत्रविज्ञान संस्थेतील सिमसन गारफिंकेल व अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून जमवल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या व त्यांतील फक्त १२ व्यवस्थित पुसलेल्या आढळल्या. इतर अनेकींमधून खाजगी पत्रे, वैद्यकीय माहिती व पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने दाखवून दिले, की माहिती बाहेर पडते ती तज्ज्ञांच्या कौशल्यामुळे नव्हे, तर विकणाऱ्याने ‘पुसले’ असे मानल्यामुळे.

नंतरच्या काळात फिरत्या तबकडीची जागा बव्हंशी फ्लॅश स्मृतीने घेतली. तीत लेखन लहान तुकड्यांत होते, पण पुसणे मात्र मोठ्या गटांतच शक्य असते. शिवाय प्रत्येक गट ठरावीक वेळाच पुसता येतो. झीज सारखी व्हावी म्हणून साधनातील नियंत्रक नवे लेखन दरवेळी वेगळ्या जागी करतो. त्यामुळे एखाद्या फाइलीवर पुनर्लेखन केले, तरी जुना मजकूर दुसरीकडे तसाच राहू शकतो. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये केलेल्या प्रयोगांत हार्ड डिस्कसाठी बनवलेली एकेक फाइल पुसण्याची कोणतीही पद्धत या साधनांवर परिणामकारक ठरली नाही. उलटपक्षी, मोकळ्या झालेल्या जागेची सूचना प्रचालन प्रणालीने नियंत्रकाला देण्याची पद्धत २००९ च्या सुमारास आली. तिच्यामुळे नियंत्रक रिकामे गट आपण होऊन पुसून ठेवू लागला आणि चुकून पुसलेली फाइल परत मिळणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. अशा प्रकारे पुसण्याची खात्री कमी व परत मिळण्याची आशाही कमी, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली.

भग्न साधनांतून पुनर्प्राप्ती : साधन मोडले म्हणजे माहिती गेलीच, असेही म्हणता येत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना भंग पावले. मृत्यू पावलेल्या सात अंतराळवीरांत भारतात जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. टेक्सस राज्यात विखुरलेल्या अवशेषांत झेनॉन वायूच्या श्यानतेवरील प्रयोगाची जळून काळवंडलेली हार्ड डिस्क सापडली. तीवरील तबकड्यांचे मुख्य भाग शाबूत असल्याने तज्ज्ञांनी जवळजवळ सर्व माहिती परत मिळवली व प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टोकाचे उदाहरण लंडनमधील आहे. अमेरिकन गुप्तचर यंत्रणेची एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेली कागदपत्रे ज्या संगणकांवर होती, त्यांतील भाग २० जुलै २०१३ रोजी ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या तळघरात सरकारी तंत्रज्ञांच्या समक्ष कापून व छिद्रे पाडून नष्ट करण्यात आले. साधनाचा नाश संपूर्ण झाला. परंतु कागदपत्रांच्या प्रती परदेशात असल्यामुळे वृत्तांत छापले जातच राहिले.

कायदा : विलोपनाविषयीचे कायदे दोन विरुद्ध गरजांतून निर्माण झाले आहेत. सार्वजनिक कारभाराच्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत ही एक गरज व खाजगी माणसाविषयीची माहिती कायम साठून राहू नये ही दुसरी. पहिलीच्या संदर्भात भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ महत्त्वाचा आहे. अमेरिकन न्यायालयाचा वरील निर्णय ज्या वर्षी झाला त्याच वर्षीच्या या कायद्याने संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्याचा सार्वजनिक अभिलेखांत स्पष्ट अंतर्भाव केला आणि विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट करणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. महाराष्ट्रासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा स्वतंत्र कायदा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यानुसार, मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये व जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती होऊ शकते. दुसऱ्याच्या संगणकातील माहिती परवानगीविना नष्ट करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली येते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने संगणकात एकाहून अधिक ठिकाणी साठवलेल्या नोंदीची प्रत्येक साठवण, तात्पुरत्या फाइलींसह, प्राथमिक पुरावा मानली आहे. फाइल एका जागी नसते, हे तांत्रिक सत्य अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आले.

दुसऱ्या गरजेला यूरोपात प्रथम ठळक रूप मिळाले. यूरोपीय न्यायालयाने मे २०१४ मध्ये गूगलसंबंधीच्या एका निर्णयात, आपल्या नावाच्या शोधातून कालबाह्य झालेली माहिती काढून टाकण्याची मागणी करण्याचा अधिकार व्यक्तीला असल्याचे मान्य केले. ही माहिती मूळ जागी राहते व शोधसूचीतील तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद होते. म्हणजे सूचीतील नोंदीवर हरताळ फासण्याचा जुनाच प्रकार येथे न्यायालयाने जाणीवपूर्वक स्वीकारला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या यूरोपीय विदासंरक्षण नियमाने माहिती प्रत्यक्ष पुसून घेण्याचा अधिकार दिला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याच्या अधिकाराचा समावेश झाला.

हे दोन्ही प्रकारचे कायदे वरवर परस्परविरोधी वाटले, तरी त्यांची अंमलबजावणी एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : माहितीच्या प्रती कोठे कोठे आहेत हे ठाऊक असणे. शासनाला नोंदी जपावयाच्या असोत वा रुग्णालयाला जुन्या रुग्णांची माहिती नष्ट करावयाची असो, प्रतींचा हिशेब नसेल तर दोन्ही गोष्टी अशक्य ठरतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये संदेश पुसणाऱ्या अधिकाऱ्यांना फितींचा विसर पडला. जुनी डिस्क विकणाऱ्यास तीवरील मजकुराचा विसर पडतो. पहिल्या विस्मरणाने लोकशाहीचा लाभ झाला, दुसऱ्याने व्यक्तीची हानी होते. यंत्राने मात्र दोन्ही वेळी एकच काम केलेले असते. सूचीतील एक नोंद त्याने मोकळी केलेली असते.